तालीम सुटल्यानंतर

पैलवानाचा गुडघा दुखावला म्हणजे तालमीतील त्याची जागा रिकामी होते. पहाटे उठून लंगोट कसणे, हौदातील माती उकरून सारखी करणे, जोर, बैठका, आणि मग जोडीदाराशी लढत, हा वर्षानुवर्षांचा क्रम एका दिवसात तुटतो. डॉक्टर तीन महिन्यांची विश्रांती सांगतात. घरात मात्र काहीच बदलत नाही. तोच दुधाचा पेला, तेच बदाम, तितक्याच भाकरी. किंबहुना दुखापत झाली आहे, अंगात ताकद भरून यावी, म्हणून घरची माणसे तूप अधिकच सढळ हाताने वाढतात. तीन महिन्यांनी तो तालमीत परततो, तेव्हा सदरा पोटावर ताणलेला असतो, वीस बैठकांत धाप लागते, आणि वस्ताद त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवतात. तालीम सुटली आणि अंगही सुटले.

हे चित्र कोल्हापूरच्या तालमीत जसे दिसते तसे वाराणसीच्या आणि हरियाणाच्या आखाड्यांतही दिसते. कुस्तीच्या जागी हॉकी, कबड्डी किंवा लांब पल्ल्याची धाव घातली, पैलवानाच्या जागी सैन्यातून निवृत्त झालेला जवान किंवा नोकरी लागल्यामुळे मैदान सोडलेली धावपटू घातली, तरी त्यात फारसा फरक पडत नाही. देह रोज एका ठरावीक श्रमाला सरावलेला असतो. तो श्रम अचानक थांबतो. पुढे काय होते आणि त्यावर शहाणपणाचा उपाय कोणता, याचा आहारशास्त्राने बराच उलगडा केला आहे.

प्रथम एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते, असे सर्रास बोलले जाते. तसे घडत नाही. स्नायू आणि मेद ही दोन निरनिराळी ऊतके आहेत. एकाचे रूपांतर दुसऱ्यात होऊ शकत नाही. काम न मिळाल्यामुळे स्नायूंचे तंतू बारीक होत जातात, आणि त्याच काळात खर्च न झालेले अन्न मेदाच्या पेशींत साठत जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात. यातून एक फसवणूकही संभवते. काही आठवडे वजनाचा काटा जागचा हलत नाही. दोन किलो स्नायू गेले आणि दोन किलो मेद आला, तर काट्याला ते कळावे कसे?

आता हिशेब पाहू. अन्नातील ऊर्जा उष्मांकांत मोजतात. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे एक किलोकॅलरी. आहारशास्त्रात तिलाच उष्मांक म्हणण्याचा प्रघात आहे. एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला बैठ्या जीवनात दिवसाला सुमारे २,११० उष्मांक लागतात, आणि अतिश्रमाच्या जीवनात ३,४७०. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत. पुरुषाच्या बाबतीत दोहोंतील अंतर १,३६० उष्मांकांचे आहे. इतके उष्मांक म्हणजे दीडशे ग्रॅम तूप, किंवा प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या तेरा-चौदा पोळ्या. अतिश्रमाचा आहार तसाच चालू ठेवून मनुष्य बैठा झाला, तर कागदावरच्या हिशेबाने महिन्याकाठी पाच किलोंची भर पडते. प्रत्यक्षात इतकी भर सहसा पडत नाही, कारण वाढलेला देह स्वतःच थोडा अधिक खर्च करू लागतो आणि माणूस नकळत थोडेफार कमी खातो. पण वजनाची दिशा तीच राहते.

येथे दुसरा एक समज तपासण्यासारखा आहे. स्नायू बारीक झाल्यामुळे शरीराची भट्टी मंदावते आणि म्हणून वजन वाढते, असे अनेक शिक्षकही सांगतात. वस्तुतः विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो स्नायू दिवसाला जेमतेम १३ उष्मांक खर्च करतो, आणि एक किलो मेद चार-साडेचार. यकृत, मेंदू, हृदय व मूत्रपिंडे यांचे एकत्रित वजन शरीराच्या अवघे पाच-सहा टक्के असते, तरी विश्रांतीतील खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा ही इंद्रियेच उचलतात. म्हणजे तीन किलो स्नायू गमावले तरी रोजचा खर्च चाळीसएक उष्मांकांनीच, दोन चमचे साखरेइतकाच, घटतो. खरे नुकसान होते ते मातीत घाम गाळण्याचे दोन-तीन तास गेल्यामुळे.

मग प्रश्न उरतो तो भुकेचा. खर्च कमी झाला तर भूकही तितकीच कमी का होऊ नये? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा शोध भारतातच घेतला गेला. हार्वर्ड विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर यांनी रॉय व मित्रा या सहकाऱ्यांसह पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरणीतील दोनशेहून अधिक लोकांचा आहार, वजन व काम यांची नोंद केली आणि १९५६ साली ती प्रसिद्ध केली. गिरणी हे या कामासाठी उत्तम ठिकाण होते. एकाच आवारात दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार होते, कारकून होते, विणकर होते, आणि कोळसा ओढणारे व ओझी वाहणारे मजूरही होते. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जसजसे चढत जावे, तसतसा आहारही वाढत जात होता आणि वजन जवळपास सारखेच राहत होते. भूक येथे चोख हिशेबनीस होती. परंतु सर्वांत बैठ्या लोकांपाशी येताच हा हिशेब मोडत होता. दुकानदार आणि त्यांच्यासारखे बैठे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी खात नव्हते. उलट अधिक खात होते, आणि त्यांची वजनेही सर्वांत जास्त होती.

एका गिरणीतील एका वेळची ही पाहणी होती, हे विसरून चालणार नाही, आणि पुढच्या काळातील सर्वच संशोधनांत हा आकार इतका स्वच्छ दिसलेला नाही. तरी तिचा मुख्य निष्कर्ष टिकून आहे. हालचालीच्या एका मर्यादेखाली भुकेचा लगाम सैल पडतो. त्याच सुमारास, १९५५ साली, ब्रिटनमध्ये लष्करी छात्रांची अशीच मोजणी झाली. ज्या दिवशी छात्रांनी अधिक श्रम केले, त्याच दिवशी ते अधिक जेवले असे आढळले नाही. भूक त्या त्या दिवसाच्या श्रमाबरोबर पावले टाकीत नाही.

पुढे १९९४ मध्ये मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा आणि १९९९ मध्ये मुख्यतः जठरातून स्रवणाऱ्या घ्रेलिनचा शोध लागला, तेव्हा या लगामाची यंत्रणा थोडी उकलली. वजन घटू लागले की ती यंत्रणा जोराने भूक जागवते. वजन वाढू लागले की मात्र तिचा निषेध क्षीण असतो. दुष्काळाला तोंड देत आलेल्या प्राण्याच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच होती. विश्रांती घेणाऱ्या पैलवानाला ती जड जाते. त्याने भुकेवर विसंबून राहावे, असा सल्ला म्हणूनच देता येत नाही. आहाराची मोजणी त्याला काही काळ डोळ्यांनी आणि मापाने करावी लागते.

आरशात पोट दिसल्यावर बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय उपाशी राहण्याचा असतो, आणि पहिल्या आठवड्यात तो अत्यंत यशस्वी वाटतो. दोन-तीन किलो वजन चटकन उतरते. परंतु ते बरेचसे पाणी असते. स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेन नावाची पिष्टमय शिधासामग्री साठवलेली असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक पाणी बांधलेले असते. उपासात हा शिधा संपतो आणि पाणी निघून जाते. जेवण सुरू होताच दोन्ही परत येतात.

दीर्घ उपासमारीने काय होते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केलेल्या प्रयोगात फार तपशिलाने पाहिले गेले. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले होते. त्यांना चोवीस आठवडे दिवसाला सुमारे १,५७० उष्मांकांचा आहार देण्यात आला. सरासरीने त्यांचे सुमारे चतुर्थांश वजन घटले. विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाखर्च घसरला, हातपाय थंड पडू लागले, जिना चढणे जड झाले. मनावरील परिणाम तर अधिकच बोलका होता. पूर्वी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि दिवसभर अन्नाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करीनासे झाले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्या अंगावर आधी मेद परतला. स्नायू मागाहून, सावकाश आले. वजन उतरवून पुन्हा आखाड्यात उतरू पाहणाऱ्याला याहून मोठा तोटा कोणता असेल?

आणखी एक धोक्याची वाट कुस्तीगीरांच्या विशेष परिचयाची आहे. वजनगटात बसण्यासाठी जाड कपडे घालून घाम काढणे, पाणी तोडणे, तापलेल्या खोलीत व्यायाम करणे. यातून मेदाचा कणही जात नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर सुमारे महिन्याभराच्या अवधीत असे वजन उतरवताना मरण पावले, आणि त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीचे वजनाचे नियम बदलण्यात आले.

तेव्हा मार्ग आहाराच्या मांडणीतच शोधला पाहिजे. त्यासाठी तालमीच्या भाषेतील एक भेद फार उपयोगी पडतो. पैलवान ‘जेवण’ आणि ‘खुराक’ असे दोन निराळे शब्द वापरतो. जेवण म्हणजे घरातील सर्वांचे असते ते: भाकरी किंवा भात, वरण, भाजी. खुराक म्हणजे मेहनतीसाठी वरून घेतलेले दूध, तूप, बदाम, थंडाई. नामवंत मल्लांच्या खुराकाच्या कथा प्रत्येक आखाड्यात सांगितल्या जातात, आणि प्रत्येक पिढीत त्या खुराकात शेरभर दुधाची भर पडते. मेहनत थांबल्यावर त्या मेहनतीसाठीचा खुराकच आधी आवरावा, जेवणाला हात नंतर लावावा.

या खुराकाचे माप काढून पाहण्याजोगे आहे. म्हशीच्या दुधाचा पाव लिटरचा पेला अडीचशेच्या वर उष्मांक देतो. त्यात दोन चमचे साखर म्हणजे आणखी ४०. तीस ग्रॅम बदामांत सुमारे १८० आणि तीस ग्रॅम तुपात २७०. अशी एक थंडाई साडेसातशे उष्मांकांच्या घरात जाते, म्हणजे तिच्यात सात-आठ पोळ्यांचे बळ असते. आणि ती पेयाच्या रूपाने पोटात जात असल्यामुळे पोळ्यांइतके पोट भरल्याची जाणीव मात्र देत नाही. यातील तूप व साखर प्रथम जावी. दुधाला सरसकट रजा देणे इष्ट नाही, कारण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम आहे. दूध तापवून, निववून, वरची साय काढली तरी त्यातील स्निग्धांश बराच कमी होतो. बदाम मूठभर खाल्ले जात असतील तर सात-आठ पुरेत.

एवढ्याने भागले नाही तर जेवणाकडे वळावे. येथे प्रांताप्रांतांत रीत बदलते. पंजाबात पराठ्यावरील लोणी, बंगालात भाताचा डोंगर, गुजरातेत फरसाण, केरळात खोबरे, असे प्रत्येक स्वयंपाकाचे एक मर्मस्थान असते, आणि ते कोणते हे घरच्या गृहिणीला शास्त्रज्ञापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. सर्वत्र लागू पडणारी गोष्ट तेलाची आहे. बैठ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम तेल-तूप पुरे, अतिश्रम करणाऱ्याला ४०, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे माप आहे; बैठ्या स्त्रीसाठी ते २० ग्रॅम आहे. चौघांच्या घरात महिन्याला तेल, तूप, लोणी सगळे मिळून तीन किलोंपेक्षा किती अधिक संपते, हे किराणा दुकानाच्या वहीवरून कळते. सामान्यतः तो आकडा घरच्यांना चकित करतो.

धान्याचाही विचार करावा लागतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत त्याच संस्थेने तृणधान्यांचा वाटा एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपर्यंत ठेवावा असे सांगितले आहे. आपल्याकडे तो पुष्कळदा ५० ते ७० टक्के असतो. चार भाकरींची तीन केली आणि आमटीची वाटी तेवढीच ठेवून भाजी दुप्पट केली, तर ताट रिकामे दिसत नाही आणि पोटही भरते. भाजीतील पाणी व तंतू जागा व्यापतात, उष्मांक थोडेच देतात. मात्र तीच भाजी तेलात पोहत असेल तर हा हिशेब उलटतो.

प्रथिनांत कपात करू नये. प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसे मानले आहे. पण वजन उतरवीत असताना स्नायू राखायचे असतील तर ते १.२ ग्रॅमपर्यंत किंवा थोडे पुढे नेणे हिताचे ठरते. डाळी, उसळी, दही, अंडी, मासे यांतून ते मिळते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र हे वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यानेही आहार घटवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वाढत्या वयाच्या मुलामुलींना तर हा सारा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. त्यांच्या आहारातून तळण व गोड पेये कमी करावीत. भाकरी मोजू नये.

व्रताच्या उपवासाने वजन उतरेल अशी आशा बाळगणाऱ्यांसाठी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण पुरेशी आहे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, आणि खिचडीत त्याच्या जोडीला तूप व शेंगदाण्याचे कूट येते.

अशा रीतीने दिवसाला चारपाचशे उष्मांक घटवले तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरू लागते. राष्ट्रीय पोषण संस्थाही हीच गती सुरक्षित मानते, आणि आहार १,००० उष्मांकांखाली कधीही नेऊ नये असे बजावते. एक किलो मेदऊतकात सुमारे ७,७०० उष्मांक असतात, या एकाच आकड्यावरून पूर्वी वर्षभराचे भाकीत करीत. २०११ साली अमेरिकेतील केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते भाकीत फार आशावादी असल्याचे दाखवून दिले. देह हलका झाला की त्याचा खर्चही कमी होतो, आणि वजन उतरण्याचा वेग आपोआप मंदावतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा अडल्यासारखा वाटतो, तो यामुळे. पुष्कळ लोक नेमके येथेच निराश होऊन जुन्या ताटाकडे परततात.

काट्याविषयी आणखी एक खुलासा करणे आवश्यक आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा देहभार निर्देशांक पैलवानाच्या बाबतीत फसवा ठरतो, कारण त्याच्या दृष्टीने स्नायू आणि मेद सारखेच. ही फसवणूक उलट दिशेनेही होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले स्वतःचेच छायाचित्र आकड्यांसह छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के होता आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय देह सडपातळ दिसूनही आत मेद बाळगतो, आणि तो पोटाभोवती अधिक असतो. मधुमेह व हृदयविकार यांचा संबंध याच मेदाशी आहे. म्हणून कमरेचा फीत घेऊन मोजलेला घेर हे अधिक विश्वासू माप होय. पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. गुडघा दुखावलेल्या पैलवानाने विश्रांतीच्या पहिल्याच दिवशी हे माप भिंतीवर लिहून ठेवले आणि दर रविवारी त्याखाली नवे माप लिहिले, तर ताटात काय बदलायचे ते त्याला वेळेवर कळेल.

विश्रांती म्हणजे अंथरुण असा अर्थही करू नये. डॉक्टरांनी परवानगी दिलेली हालचाल, मग ते सपाट रस्त्यावरचे चालणे असो वा बसल्या जागी हातांचा व्यायाम असो, खर्च थोडाच वाढवते. पण स्नायूंना ती जागे ठेवते, आणि तागाच्या गिरणीतील दुकानदारांच्या रांगेतून माणसाला वर काढते.

तालमीत परतण्याचा दिवस येतो, तेव्हा दोन गोष्टी मल्लाला गोंधळात टाकतात. पहिली म्हणजे दमाची. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ साली अमेरिकेत सरावलेल्या खेळाडूंचा व्यायाम बंद करून पाहिले. तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी घटली, आठ आठवड्यांत १६ टक्क्यांनी, आणि तेथे ती स्थिरावली. म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्वीइतक्या बैठका मारू पाहणे व्यर्थ आहे. गमावलेला स्नायू मात्र पहिल्यापेक्षा लवकर परततो. वाढीच्या काळात स्नायुतंतूंत जमा झालेली जादा केंद्रके तंतू बारीक झाल्यावरही टिकून राहतात, असे २०१० साली नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. मनुष्यातही तसेच घडते का, यावर अद्याप वाद आहे. परंतु जुना मल्ल नवशिक्यापेक्षा लवकर तयार होतो, हे वस्तादांना पूर्वीपासून माहीत आहे.

दुसरी गोष्ट काट्याची. इतक्या निग्रहाने वजन उतरवलेले असते, आणि मेहनतीच्या पहिल्याच आठवड्यात ते किलोभराने वर चढते. घाबरून पुन्हा भाकरी कमी करण्याचे कारण नसते. रिकाम्या झालेल्या स्नायूंत ग्लायकोजेनचा शिधा परत भरला जात असतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे पाणीही. त्या आठवड्यात भिंतीवरचा कमरेचा आकडा बहुधा तसाच असतो.